वाघमारे बाईंचा नंबर

वाघमारे बाईंच्या घरी त्यांचा फोन नंबर पाठ म्हणून दाखवल्याशिवाय चहा मिळत नसे. छावणीतल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू येवो, दूधवाला बदलो की कुणाचा जावई येवो, बाई त्याला उंबऱ्यावरच गाठत. "आधी नंबर पाठ करा, मग साखर किती ते सांगा." शाळेतल्या लेकरांना पाढे शिकवण्यात सगळी नोकरी गेलेली. पाठांतर कसं करून घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाईंना जाऊन आता वर्ष होईल, पण तो नंबर मला अजूनही झोपेत म्हणता येतो.

कारण घरातच होतं. नामदेवराव, बाईंचे यजमान, औरंगपुऱ्यातले नावाजलेले टेलर. म्हातारपणी ते एकेक विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची मापं गेली, मग रस्ते, मग लेकाचं नावसुद्धा. डोळा चुकवून घराबाहेर पडत आणि भलतीकडेच सापडत. घरचा लँडलाइनचा नंबर तेवढा डोक्यात पक्का राहिला होता, कारण दुकानातून जन्मभर त्यांनी तोच फिरवला होता. बाईंनी एकदा त्यांच्या सदऱ्याच्या आत नंबर शिवून पाहिला. नामदेवरावांनी ब्लेडनं सगळा उसवला. "ही वाकडी टीप कुणी मारली? माझ्या अंगावर असलं काम?" त्यापुढं बाईंनी हात टेकले आणि नंबर गल्लीच्या तोंडी बसवायला घेतला.

आणि अशातच फोनच्या तांब्याच्या तारा बंद होणार असल्याचं कळलं. आता फोन इंटरनेटवरून चालणार, घरात एक डबा बसणार. डबा बसवायला आलेला माणूस सहज म्हणाला, "नवा नंबर मिळेल, मावशी." बाईंनी त्याला चहा दिला आणि डब्यासकट परत पाठवला.

मग फोनच्या कार्यालयात खेटे सुरू झाले. मी दोनतीनदा सोबत गेलो होतो. तिथले साहेब वाईट नव्हते, कंटाळलेले होते. "बाई, आजकाल लँडलाइनवर फोन करतं कोण?"

"एकच माणूस करतो," बाई म्हणाल्या. "पण त्याला दुसरीकडं करता येत नाय."

साहेबांनी पुन्हा पुढची तारीख दिली. बाई त्या तारखेला नामदेवरावांनाच घेऊन गेल्या, धुतलेला सदरा घालून. साहेबांना म्हणाल्या, "विचारा यांना काय विचारायचं ते." साहेबांनी गाव विचारलं. नामदेवराव नुसते हसले. लेकाचं नाव विचारलं, तरी हसले. घरचा नंबर विचारला आणि तो त्यांनी खणखणीत सांगितला. साहेबांनी मान खाली घातली. जुना नंबर नव्या डब्यावर आला.

बाईंनी गल्लीत पेढे वाटले. "हट्टी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पेढा खा."

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. जुन्या फोनला वीज तारेतूनच यायची, घरातली लाइट गेली तरी तो वाजायचा. हा डबा घरच्या लाइटवर चालत होता. उन्हाळ्यात एका सकाळी छावणीची लाइट गेली ती गेलीच. दुपारपर्यंत गल्लीतले इन्व्हर्टरही बसले. आणि बाई मागं कपडे वाळत घालत असताना नामदेवराव निघून गेले.

आम्ही पोरंसोरं गाड्या काढून चहूकडं पांगलो. मी परत आलो तेव्हा बाई फोनपाशीच बसलेल्या होत्या. मी रिसीव्हर कानाला लावून पाहिला, तर साधी घरघरही नाही. समोरचे रिक्षावाले युसूफभाई दारात उभे होते. "बाई, चलो ना, रिक्षा में बैठो. ढूंढेंगे मिल के."

"मी हलणार नाय. त्यांनी फोन लावला आन् उचलायला कुणी नसलं तर?" मग बाईंनी चष्मा लावला आणि डबा उलटा करून त्याच्या बुडाचं बारीक अक्षर वाचलं. "बारा व्होल्ट लिहिलंय. युसूफभाई, तुमच्या रिक्षाची बॅटरी किती?"

"बारा-इच है. पर डब्बा जल गया तो?"

"तसा बी मेलेलाच आहे. लावा."

युसूफभाईंनी रिक्षा खिडकीशी आणून लावली. डब्याच्या पिनेची वायर कापून तिला लांब वायर जोडली आणि ती गजांतून बाहेर बॅटरीपर्यंत ओढली. डब्यावर लाल दिवा लागला, मग हिरवा. बाईंनी रिसीव्हर उचलून घरघर ऐकली, पुन्हा जागेवर ठेवला आणि पदर खोचून बसल्या.

फोन वाजला.

"बाई, औरंगपुऱ्यातून बोलतोय, कापड दुकानातून," आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. "एक बाबा बसलेत इथं. मघापासून हाच नंबर लावा म्हणतेत, लागतच नव्हता. घ्या, बोला."

मग नामदेवरावांचा आवाज आला, पूर्वीच्या टेलर मास्तरांचा. "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी," बाई म्हणाल्या. "मी बोलते."

"बरं, बरं. सुलोचना हाय का घरात?"

सुलोचना हे बाईंचंच नाव. बाईंनी डोळे मिटले. पलीकडून तेच पुढं बोलले, "नसंल तर निरोप द्या तिला. दुकानात गिऱ्हाईक लई हाय, मला उशीर व्हईल. वाट बघत बसू नको, जेवून घे म्हणावं."

"सांगते," बाई म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "ती तुमच्याकडंच यायला निघालीय. तुम्ही तिथंच बसा."

रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला, युसूफभाईंना रिक्षा हलवू नका म्हणाल्या आणि मला फोनपाशी बसवून चपला पायात सरकवल्या. "तू इथंच बस. त्यांनी परत फोन केला तर म्हणावं, सुलोचना निघाली."