दळलेले खडे

सौंसरला सासरी आले आणि दुसऱ्याच वर्षी पोटात उजव्या बाजूला कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी निदान लगेच केलं. "नाटकं करून राहिली. पाहुणे आले का हिचं पोट दुखते." पाहुणे नसतानाही दुखायचं, पण असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्या निदानाच्या आड येत नसत.

शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आमच्याकडे निघालेले खडे बाटलीत घालून घरी आणतात, भेटायला येईल त्याला दाखवतात. मला त्या बाटलीचीच आस होती. सोनोग्राफीचा कागद सासूबाई मानत नव्हत्या. खडे समोर ठेवले की तोंड बंद होईल, असं मी धरून चालले होते.

शुद्धीवर आल्यावर मी खडे मागितले. सर्जरी विभागातला शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "ते लॅबला गेले, मॅडम. सरांचा रिसर्च चालू आहे. तुम्ही सही केली ना."

केली असेन. सलाईन लावलेल्या हाताने, चष्म्याशिवाय, त्यांनी बोट ठेवलं तिथे. परत द्या म्हटलं तर म्हणाला, "आता कुठले? दळले ते." वर कौतुकही केलं, की खडे फार चांगले निघाले. मेहेरबानी! आमच्या भागातल्या लोकांचे खडे कशाचे बनतात हे सरांना जगाला सांगायचं होतं. ज्या बाईच्या पोटात ते बनले तिने घरी काय सांगायचं, हा काही त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता.

मी रिकाम्या हाताने घरी आले. रामाकोन्याला दिलेली नणंद भेटायला आली ती "गोटे कुठं आहेत?" विचारतच. दळले म्हटल्यावर तिने आईकडे पाहिलं. दोघी हसल्या नाहीत, एवढीच कृपा.

मागच्या वर्षी सासूबाईंना तशाच कळा आल्या. तोच दवाखाना, तोच रिसर्च. या वेळी सहीचा कागद मी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवला. त्यांनी डॉक्टरला सरळ सांगितलं, "माझे गोटे माझ्या घरी जातीन."

आता ती बाटली शोकेसमध्ये असते. पाहुणे ती हातात घेऊन हळहळतात. चहा मी करते.

एकदा राहवलं नाही. विचारलं, "आई, मग माझ्या पोटात काय होतं?"

बाटली पदराने पुसत त्या म्हणाल्या, "आता मले काय माहीत? तू दाखवले कुठं?"