सांगडीवरचे आमदार

नदीच्या ऐन मध्यावर आल्यावर त्या माणसाने हातातला दोर सोडला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि समोरच्या करंजाच्या झाडांकडे बघत मोठ्याने म्हटले, "अध्यक्ष महाराज, नव्या बाई घाबरल्यात. कामकाजात याची नोंद व्हावी."

मी घाबरले नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. चिखलीच्या काठावरून इंद्रायणी ओलांडून पलीकडच्या वाडीच्या शाळेत रुजू व्हायला निघाले होते, आणि ओलांडायला होते काय, तर कंपनीतली रिकामी पिंपे एकत्र बांधून वर फळ्या ठोकलेली एक सांगड. दोन्ही काठांच्या मध्ये जाड दोर ताणलेला. तो हाताने ओढत ओढत सांगड पलीकडे न्यायची. मी कोकणातली, होड्यांत वाढलेली. पण होडीला निदान आकार तरी असतो. त्यात हा गृहस्थ दोर सोडून भाषण करीत होता. सांगड कडीने दोराला अडकवलेली असते हे मला मागाहून कळले. त्या वेळी मी ओरडलेच, "अहो, आधी दोर धरा!" त्यांनी सावकाश दोर धरला आणि म्हणाले, "सूचना मंजूर." तात्यांची माझी ओळख ही अशी झाली.

तात्या पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. दुसरी पाळी मागून घेतलेली, म्हणजे सकाळी सांगड ओढायला मोकळे. वाडीतली बरीचशी तरुण पोरे कंपन्यांत लागली होती. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना तात्या अंधुकशा उजेडात पलीकडे चिखलीला सोडत, मग शाळेच्या वेळेला मला चिखलीहून वाडीत आणत; संध्याकाळी परत सोडायला दुसरे कुणी असे. वाडीसमोर नदीला डोह असल्याने उन्हाळ्यातसुद्धा पायी उतरता येत नसे. आणि पूर आला की सांगड काठावर ओढून ठेवायची, नोकरीवर खाडे पडू द्यायचे आणि पाणी उतरायची वाट बघत बसायचे. तात्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणी तापाने गेला तो अशाच पुरात. दवाखाना पलीकडे होता. हे तात्यांनी मला कधी सांगितले नाही. त्यांच्या पत्नीने, सरूबाईंनी, सांगितले. म्हशीची धार काढता काढता, मान वर न करता.

तात्यांना विधानसभेत जायचे होते ते पुलासाठी. दर निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे आणि पडायचे. वाडीने त्यांचे नाव 'आमदार' ठेवले होते. "आमदार, वाईच पलीकडं सोडा," असे कुणी म्हटले की ते रागावत नसत. उलट जरा ताठ उभे राहत.

त्यांचे एक स्वप्न होते आणि ते सांगायला त्यांना थंडीतल्या धुक्याच्या सकाळी फार आवडे. काठ दिसत नसे, पाणीही दिसत नसे. पांढऱ्या कापसातून चालल्यासारखी सांगड सरकत असे आणि तात्यांचा आवाज येत असे. "बाई, कवातरी असं व्हईल बगा. या बाजूला जेवढी डोकी, तेवढीच त्या बाजूला. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या. मग कावड उचलाया मधी एक खांदा लागतो का न्हाई? त्यो खांदा माझा. एक मत! दोन्हीकडनं पळत येत्याल, तात्या, काय पायजे? म्या म्हननार, पूल."

"आणि मंत्री करतो म्हणाले तर?"

"मंत्री झालो तर शिफ्ट कोन करनार?"

मुंबई त्यांनी पाहिली नव्हती. ते सभागृह त्यांनी मनातच बांधून काढले होते. छताला कंपनीतल्यासारखे मोठाले पंखे, निळ्या काचा, आणि एक खिडकी अशी की तिच्यातून समुद्र दिसतो. उभे राहून नीट बघितले तर इंद्रायणीसुद्धा. मी म्हटले, "तात्या, मुंबई कुठे, इंद्रायणी कुठे!" ते म्हणाले, "बसून बगनाऱ्याला न्हाईच दिसायची." त्या धुक्यात मलाही क्षणभर ती खिडकी दिसायची, आणि मग पायाखाली पिंप वाजले की भानावर यायचे.

त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करणारे चिखलीचे रशीदभाई. काठाच्या चढावरच सायकल दुरुस्तीचे दुकान, दुकानात रेडिओ. एका निवडणुकीत तात्यांना शिडी ही निशाणी मिळाली. रशीदभाई म्हणाले, "तात्या, भिंती रंगवायला पैसा कुठंय? खरीच शिडी घेऊन फिरू की!" झाले. दोघे बांबूची शिडी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरले. पण शिडी बघितल्यावर लोकांना मत कशाला आठवेल? "आणलीच हाय तर तेवढी कौलं नीट करून द्या," "तेवढं मधाचं पोळं काढा." तात्यांना नाही म्हणता येत नव्हते. अर्धा प्रचार त्यांनी लोकांच्या घरांवर बसून केला. मते पडली थोडी, पण चार-पाच गावांतली घरे त्या वर्षी गळली नाहीत. तात्या म्हणाले, "काम आधी झालं, निवडून मागनं येऊ."

पुढची निवडणूक आणीबाणी उठल्यानंतरची. हवाच निराळी होती. शाळा सुटता सुटता नदीपल्याडून कर्ण्यांचे आवाज यायचे. कोण कुणाला मत मागतो ते कळत नसे, नुसता एक सूर पाण्यावरून तरंगत यायचा. कुठल्याच बाजूला पुरे बहुमत मिळणार नाही असे रशीदभाईंच्या दुकानात बसणारा जो तो सांगत होता. तात्यांच्या डोळ्यांना वेगळीच चमक आली होती. निशाणी याही खेपेला शिडीच मिळाली होती.

आणि एके दुपारी साहेब आले. नाव कशाला घ्यायचे? आम्ही त्यांना साहेबच म्हणत असू. तेही अपक्षच, पण आमच्यासारखे सायकलवरचे नव्हे, जीपमधले. चपला हातात घेऊन सांगडीवर उभे राहिले, वाडीत आले आणि तात्यांच्या अंगणात घोंगडीवर बसले. सरळ माणूस असावा तसे बोलले. "तात्या, लढत अटीतटीची आहे. वाडीची मतं तुम्हाला गेली तर मी पडतो. मला पाठिंबा द्या. पूल मी करून देतो."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अर्ज मागं घ्यायची तारीख गेली, साहेब. मतपत्रिकेवर नाव ऱ्हानारच."

"नाव राहू दे. मत मला पडू दे."

खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायचे ठरले. बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन देवासमोर दिलेला शब्द तिकडे कुणी मोडत नाही. साहेबांनी उचलला, पूल करीन म्हणून. मग वाडीतल्या एकेका पुरुषाने उचलला, मत साहेबांना देईन म्हणून. बायका रिवाजाप्रमाणे मागे भिंतीशी बसल्या होत्या. शेवटी तात्या उठले. आपले सगळे स्वप्न त्यांनी त्या चिमटीत धरले होते, हे त्या देवळात फार थोड्यांना कळले असेल. मला कळले आणि मला साहेबांचा राग आला, काही कारण नसताना.

साहेब थोडक्या मतांनी निवडून आले. म्हणजे आमच्या वाडीच्या मतांवरच आले. आणि रशीदभाईंचा रेडिओ सांगू लागला की बहुमत कुणालाच नाही. अगदी तात्या म्हणत तसे! एकेका अपक्षाची मनधरणी चालली होती. ते दिवस तात्या जमिनीवर नव्हतेच. सांगड ओढताना मध्येच थांबायचे, हसायचे. "कावड अडलीया, बाई. खांदा दुसऱ्याचा हाय, पन सबूद आपला हाय." हेवा कसला तो त्यांच्या बोलण्यात नव्हता. आपल्या जागेवर दुसरा बसला आहे आणि तो आता उठून पूल मागणार आहे, एवढेच त्यांना दिसत होते.

साहेबांनी मागितले ते उपमंत्रिपद. मिळालेही.

वाडीची माणसे वाट पाहून पाहून शेवटी साहेबांच्या बंगल्यावर गेली. तात्याही गेले. साहेबांनी चहा पाजला आणि हसत म्हणाले, "बेलभंडारा आधी तुमच्याकडूनच मोडला की! तुमच्या केंद्रावर एक मत शिडीला पडलंय. आता देवच साक्षीला राहिला नाही, तर मी बांधलेला कसा?" ते खरे होते. मतमोजणीला तात्यांच्या वतीने रशीदभाई बसले होते. त्यांनीही ते मत पाहिले होते आणि कुणाजवळ बोलले नव्हते.

दुसऱ्या कुठल्या गावाने यावर साहेबांची कॉलर धरली असती. पण आमची वाडी देवाला भिणारी. शपथेला भोक पडले, म्हणून पूल गेला, असे सगळ्यांनी मनाशी धरले. आणि भोक पाडणार कोण? शिडी कुणाची? साहेब मोकळे सुटले आणि तात्या अडकले. "सगळ्यांना उचलाया लावला अन् ऐनवेळी सोताला मत मारलं," असे लोक त्यांच्या देखत बोलू लागले. 'आमदार' ही हाक बंद झाली. जे त्यांच्याशी बोलत नसत त्यांनाही तात्या रोज पलीकडे सोडत. माणसे पाठ करून उभी राहत आणि काठ आला की उतरून जात.

मी एकदा चिडून म्हटले, "तुम्ही नाही दिलेत ते मत, मला माहीत आहे. मग तसे सांगून का टाकत नाही?"

"म्या न्हाई म्हनलं की दुसरा कुनी हुडकाया लागत्याल," तात्या म्हणाले. "ज्यानं दिलं त्यानं माज्यावर माया केली, बाई. त्याला उघडं पाडू?"

दोन वर्षांत विधानसभाच बरखास्त झाली, नवी निवडणूक लागली आणि भर उन्हाळ्यात साहेब पुन्हा सांगडीवर चढले. पुन्हा देऊळ, पुन्हा ताटात बेल आणि भंडारा. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "मागचं सोडून देऊ. या खेपेला तेवढं मत फुटू देऊ नका." आणि तात्यांकडे बघून हसले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तात्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. या माणसाला आता कुणी वाचवा, असे मला झाले.

तेवढ्यात मागे भिंतीशी सरूबाई उठल्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"ते मत माजं हाय."

सगळ्या माना आता भिंतीकडे वळल्या.

"बेलभंडारा बाप्यांनी उचलला," त्या म्हणाल्या. "आमाला बायांना कुनी इचारलं व्हतं? म्या उचलला न्हाई, तर मोडंल कसा? वाडीतल्या कुनीच मोडला न्हाई. मोडला त्यो ह्यांनी." आणि त्यांनी साहेबांकडे सरळ हात केला.

साहेब "वहिनी, तसं नव्हे..." म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवले. वाडीतले पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या भिंतीशी बायकांनी पदर तोंडाला लावले होते. हसत होत्या की काय कोण जाणे.

तात्यांना त्यातले काहीच दिसत नव्हते. ते फक्त बायकोकडे बघत होते. "कशापायी दिलंस गं?"

"याच्या आदी कदी दिलं न्हाई," सरूबाई म्हणाल्या. "तुमी निवडून आला तर म्हशी कोन बगनार? पन त्या खेपेला कागदावर नाव बगितलं अन् मनात आलं, या बाप्यानं इतकी वर्सं लोकांची कौलं शाकारली, अन् नावाफुडं यंदा एक शिक्का बी न्हाई. बरं न्हाई दिसत."

"मग दोन वर्सं गप का ऱ्हायलीस?"

"तुमीच सांगायचा की, मत गुप्त असतं, नवऱ्याला बी सांगू नये."

ताटातला भंडारा त्या दिवशी कुणीच उचलला नाही. साहेबांना पलीकडे तात्यांनीच सोडले. वाडीने मग मते कुणाला दिली ते मी सांगणार नाही, गुप्त आहे. पूल झाला तो फार नंतर. माझी बदली झाली होती आणि तात्याही राहिले नव्हते. मी तो पूल पाहिला आहे. चांगला आहे. पण त्यावरून जाताना नदी फार लवकर संपते.

देवळातल्या त्या प्रकारानंतरच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सांगडीवर चढले. पाणी काचेसारखे स्थिर होते. मध्यावर आल्यावर मी विचारले, "आता पुढच्या खेपेला उभे राहणार ना?"

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. "म्या शपथेपरमानं साहेबाला दिलं. तिनं मला दिलं. घरात मतं दोन, अन् दोन्हीकडं एक एक. सारखी पडली, बाई. जल्मभर ज्याची वाट बगितली ते माज्याच घरात झालं, अन् मला दोन वर्सं पत्ता न्हाई."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात दोरावर होते. मीच पुढे झाले आणि दोर धरला. त्या दिवशी सांगड आम्ही दोघांनी ओढली.