जगनभाऊंचा मुंबई मुक्काम

आमच्या मागच्या अंगणाला लागूनच जगनभाऊंचं घर आहे. एसटीतून रिटायर झाल्यापासून ते दिवसभर ओट्यावर बसलेले असतात. चढावरून बस येताना ऐकू आली की बसल्या जागी पुटपुटतात, "दुसऱ्या गिअरात टाक, दुसऱ्यात टाक." ड्रायव्हरला ते कधी ऐकू जायचं नाही. नवशीवहिनी होत्या तेव्हा त्या आतून ओरडायच्या, "टाकला हो त्यानं, आता गप बसा!" वहिनींना जाऊन दोन हिवाळे झाले. आता बस चढून निघून जाते आणि आतून काही आवाज येत नाही. मी देवघरात असले तरी मला ते कळतं, कारण मधे एक कुडाची भिंत तेवढी आहे.

मूळचे ते आमच्या जव्हारकडच्या वांगणीचे. आश्रमशाळेत शिकले, मग ट्रकवर क्लीनर, मग लायसन, मग एसटीत ड्रायव्हरचा बिल्ला. त्या बिल्ल्याचा त्यांना फार अभिमान. नोकरीतली बरीचशी वर्षं ते जव्हार-मुंबई गाडीवर होते. संध्याकाळी गाडी न्यायची, रात्री तिकडं मुक्काम आणि पहाटे परत. त्यामुळे सगळं गाव त्यांना मुंबईवाले जगनभाऊ म्हणायचं. कोणाला मुंबईच्या इस्पितळात जायचं असो, कोणाच्या मुलीची परीक्षा असो, आधी यांच्याकडं येऊन बसणार. भाऊ सगळं नीट ऐकून घेत आणि म्हणत, "मुंबई काय, सरळ हाय. इचारत इचारत जायचं." लोकांना तेवढंच पुरत असे. मुक्काम केलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

वहिनी गेल्यावर हे एकच निमित्त राहिलं होतं कोणी त्यांच्या ओट्यावर टेकण्याचं. मला तेव्हा ते तितकंसं कळलं नव्हतं.

मार्गशीर्षातले गुरुवार संपले, उद्यापनं झाली. देवळात आम्ही भजनाच्या बायका बसलो होतो. हिराबाई म्हणाली, "डहाणूच्या महालक्ष्मीला दर चैत्रात जातो. एकदा मुंबईची महालक्ष्मी बघू. गाडी करू. दाखवायला जगनभाऊ हायेत की."

तशाच उठून आम्ही ओट्याशी गेलो. भाऊ म्हणाले, "मी कशाला? तुम्ही बायका बायका जावा."

"अहो, आम्ही हरवलो तर पेपरात फोटो येतील," हिराबाई म्हणाली. "आणि माझा फोटो चांगला येत नाय. तुमची मुंबई, तुम्ही चला."

भाऊ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "बरं."

त्याच संध्याकाळी मी तुळशीला दिवा लावत होते आणि कुडापलीकडून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. त्यांची मुलगी पुष्पा खोडाळ्याला दिली आहे, शाळेत शिकवते. तिला सांगत होते, "परवानेवाला पाहिजे, पोरी. सरकारी. गळ्यात बिल्ला असला पाहिजे. नुसता कोणी नको." मला वाटलं, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरबद्दल बोलत असतील.

जायच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत पुढं बसले. घाट उतरलो, हायवेला लागलो, शहर सुरू झालं. ते ड्रायव्हरला सांगत होते, "पुढं खड्डा हाय, डावीकडनं घे. हा सिग्नल लई वेळ खातो." एकही चूक नाही. आम्ही मागं एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. बघा, माणूस असावा तर असा.

एसटीच्या डेपोचं गेट आलं आणि मागं पडलं. भाऊ बोलायचे थांबले.

"काका, आता कुठून?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सरळ."

"सरळ तर भिंत हाय."

आम्ही खदखदून हसलो. भाऊंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाशी काय बोलायचं ते न कळून फोन ड्रायव्हरच्याच हातात दिला. थोड्या वेळानं पांढऱ्या शर्टातला एक तिशीचा माणूस गाडीपाशी आला. त्याच्या गळ्यात फीत आणि फितीला ओळखपत्र होतं.

"हा गौतम," भाऊ आम्हाला म्हणाले. "माझ्या ओळखीतला."

गौतमनं खिडकीतून हात जोडले, तेही ड्रायव्हरला. "नमस्कार जगनकाका! आत्ता फोनवर आपलंच बोलणं झालं ना?"

मग हिराबाई म्हणाली, "भाऊ, तुमच्या ओळखीतला, आणि तुम्हालाच ओळखत नाय?"

ती पुढं वाकून ते ओळखपत्र अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. पर्यटक मार्गदर्शक. परवाना क्रमांक. पुष्पाकडं फोनवर मागितलेला परवानेवाला तो हा होता तर. "अहो, हा तर गाईड हाय! तुमची मुंबई आणि वाट दाखवायला भाड्याचा माणूस?"

भाऊंचे कान लाल झाले. पण म्हणाले ते ठासून. "बिल्ला नसंल तर एसटीत गाडीची चावी देत नाय कोणाला. तुम्ही इतक्या जणी. तुम्हाला बिनबिल्ल्याच्या माणसाच्या हाती कसं देऊ? तुमच्या घरच्यांना मी काय जबाब देऊ?"

हे बायकांना पटलं. हिराबाईला अर्धंच पटलं.

गौतम गुणाचा होता. देवळाच्या रांगेत कुठं उभं राहायचं, चपला कुठं ठेवायच्या, ओटी कुठं द्यायची, सगळं त्यानं समजावलं. देवीचं दर्शन छान झालं. मी डोळे मिटले तेव्हा मला डहाणूचीच देवी दिसली आणि बरं वाटलं. तिथून त्यानं आम्हाला वाळकेश्वरला बाणगंगेवर नेलं. इतक्या मोठ्या शहराच्या पोटात दगडी पायऱ्यांच्या तळ्यात शांत पाणी. प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते काढलं असं म्हणतात, हे तो सांगत होता. आम्ही पाणी डोळ्यांना लावलं.

भाऊ सगळ्यांच्या मागं होते. गौतम बोलायला लागला की कानामागं हात धरून पुढं सरकत. आमच्यापेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त. पाणी आटतं का? मासे कोण सोडतं? इथं राहणारी माणसं कामाला कुठं जातात?

गौतम पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. आम्ही पायऱ्यांवर डबे उघडले. हिराबाईनं तेव्हा त्यांना गाठलंच. "भाऊ, आम्ही पहिल्यांदा आलो, आम्हाला अप्रूप. तुम्ही काय नव्या नवरीगत बघताय?"

"नवाच हाय मी," भाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"मला मुंबई ठावं नाय, बाई. डेपोच्या गेटाबाहेर एक पानाची टपरी होती. तिथवर ठावं."

"मग इतकी वर्षं इथं करत काय होतात?"

"मुक्काम."

ते पाण्याकडं बघत सांगत राहिले. गाडी लावायची, धुवायला द्यायची, वरच्या खोलीत जाऊन डबा खायचा आणि आडवं व्हायचं. पहाटेची गाडी चुकली तर नोकरीवर बेतणार, म्हणून पहिली काही वर्षं लांब गेलेच नाहीत. नंतर जायची भीतीच बसली. गावात तोवर नाव होऊन बसलं होतं, मुंबईवाला. आता विचारायचं तरी कोणाला?

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण नवशीवहिनी तर कुडावरून मला सगळं सांगायच्या. समुद्र, बोटी, रात्रीचे दिवे. ह्यांनी बघितलं म्हणायच्या."

"पॅसेंजर बोलायचे, ते ऐकून सांगायचो तिला." त्यांनी हातातल्या पुरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "लई वेळा म्हणायची, मला ने. मी म्हणायचो, नेईन. आणली असती, आणि गेटाबाहेर उभं राहून काय दाखवलं असतं, जयवंतीवहिनी, सांगा? ती टपरी?"

हिराबाईनं आपल्या डब्यातली भाजी त्यांच्या पुरीवर वाढली. "खा आता," ती म्हणाली. "उपाशी माणूस फार बोलतो." पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शेवटी गेटवेला गेलो. ऊन उतरत होतं, बोटी ये-जा करत होत्या. बायका फोटो काढून घेत होत्या. भाऊ कठड्याला दोन्ही हात लावून उभे होते, स्टेअरिंग धरावं तसे. मी जवळच होते. गौतम त्यांच्याशेजारी येऊन म्हणाला, "काका, सगळ्यात जास्त तुम्हीच बघितलंत आज. काकूंना का नाही आणलंत?"

आमच्या दोघी-तिघींच्या माना एकदम वळल्या.

"आणतो की," भाऊ म्हणाले. "पुढल्या खेपेला."

"नक्की आणा. मला फोन करा, मी दाखवतो त्यांना सगळं."

"हां. तुम्हीच दाखवा."

कोणाचं खोटं म्हणून खपवून न घेणारी हिराबाई तिथंच उभी होती. तीसुद्धा समुद्राकडं तोंड करून बोटी बघत राहिली.

परत येताना भाऊ पुढं बसले नाहीत. अगदी मागच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले. मी जपाची माळ काढली, पण मणी काही पुढं सरकेनात. माझ्या घरासाठी जे मागायचं ते सकाळीच देवीकडं मागून झालं होतं. यांच्यासाठी काय मागावं, हे मला जव्हार येईपर्यंत सुचलं नाही.

पायऱ्यांवरची गोष्ट आम्ही कोणी गावात बोललो नाही. हिराबाई तर सांगत सुटली, भाऊंनी काय मुंबई दाखवली म्हणून! तेव्हा त्यांचं नाव होतं तसंच राहिलं असतं.

संक्रांतीच्या पुढं एकदा मी अंगणात वाल निवडत होते. पलीकडच्या आळीतली शीला भाऊंच्या ओट्याशी आली. तिच्या सासूला डोळ्यांच्या ऑपरेशनला मुंबईला न्यायचं होतं. भाऊंनी तिला बघितल्या बघितल्या आतून चटई आणून अंथरली.

"भाऊ, गाडीतून उतरल्यावर कुठनं जायचं? तुम्हाला ठावं असंल."

मी हात थांबवले. आता म्हणतील, सरळ हाय.

"मला नाय ठावं, शीले," भाऊ म्हणाले. "डेपोच्या पुढचं मला कधीच ठावं नव्हतं. उगाच म्हातारीला घेऊन भटकशील. हा नंबर घे. गौतम म्हणून हाय. परवानेवाला, भला माणूस. माझं नाव सांग."

शीला थोडी गोंधळली. तिनं नंबर फोनमध्ये घेतला, "बरं झालं बाई, नंबर मिळाला," म्हणाली आणि उभ्या उभ्याच निघाली.

"बस की जरा," भाऊ म्हणाले.

"नको, काम उरकायचंय. आता त्यालाच विचारते."

ती वळणावरून दिसेनाशी झाली. भाऊंनी चटईवर पडलेलं पान उचललं, हातानं चटई झटकली, आणि गुंडाळून आत नेली.