पाण्याला भिणारे काका

“भेव घेतलं का सोबत?”

धरणाच्या काठावरून नाव पाण्यात ढकलण्याआधी काका हे विचारायचेच. दोर घेतला का, हवा भरलेली ट्यूब घेतली का, प्यायचं पाणी घेतलं का, आणि त्याच दमात हे. भेव म्हणजे भीती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. ते हसले नाहीत. त्यांनी उजवा तळवा पाण्यावर पालथा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

देवळीत त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंप, पंखे दुरुस्त करायचे. मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा घरचा पंखा घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे गळाच्या काड्या उभ्या दिसल्या आणि आमचं जमलं. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला मास्तर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा आठवडा फक्त रविवारसाठी असतो. काका त्यातले.

त्यांची नाव पत्र्याची होती, जेमतेम दोन माणसांची. धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्याकडून करून घेतलेली. नांगर म्हणून कडा फुटलेल्या जात्याचा वरचा दगड होता आणि त्याच्या मधल्या भोकातून नायलॉनचा दोर ओवलेला होता. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून तयार झालेला मासेमार. महागडी रीळ आणि चकचकीत प्लास्टिकचे मासे ऑनलाइन मागवून बसलो होतो. काकांनी त्यातला एक उलटसुलट करून पाहिला.

“हा कुठचा हाये, मास्तर?”

“आमिष आहे, काका. परदेशात यावरच मासे पकडतात.”

“मंग याले इथलं कोनी वळखन का?”

ते स्वतः कणकेत भाजलेली ढेप, म्हणजे सरकीची पेंड, मळून गोळ्या करायचे. रोहू त्या गोळ्यांना लागायचे. माझे प्लास्टिकचे मासे सकाळभर पोहून कोरडेच परत यायचे.

मासे कसे पकडायचे हे त्यांनी मला फार थोडं शिकवलं. बाकी सगळं शिकवणं परत कसं यायचं याचं होतं. “वजन मधात ठेवजा. उभे राहू नोका. मासा लागला तरी बसूनच खेचजा. गेला त जाऊ द्या.” नांगराचा दोर नावेच्या नाकाशीच बांधायचा, बाजूला कधीच नाही, आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायची. चाकू गळ्यात अडकवायचा. नावेत एकट्यानं बसायचं नाही. जोडीला माणूस नसेल तर काठावरूनच गळ टाकायचा. मासे धडाधड लागत असले तरी पलीकडे ढग दिसला की काका गोळ्यांचा डबा बंद करायचे. मला चीड यायची. एकदा मी म्हणालोसुद्धा, “एवढं भिता तर येता काऊन, काका?”

“भेतो म्हनून त घरी जातो ना वापस,” ते म्हणाले आणि वल्हं मारू लागले.

तो एप्रिलातला रविवार होता. धरणाचं पाणी उतरलं होतं. बुडालेल्या शिवारातल्या बाभळींचे काळे शेंडे कुठेकुठे वर आले होते. निघण्याआधी काठावर टरबूज कापायला मी काकांचा चाकू मागून घेतला. “मी ठेवतो,” म्हणालो, आणि तो काठावरच्या दगडावरच राहिला. पुढे पाण्यात मासे माझ्या बाजूला लागू लागले. नाव तिथेच स्थिर राहावी म्हणून मी नाकाचा दोर सोडून माझ्याजवळच्या कडीला बांधला. दुहेरी, पक्की गाठ. काका तेव्हा पाठमोरे बसून गुंतलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडवत होते. त्यांना सांगितलं तर ते नको म्हणतील हे मला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं नाही.

दहाच्या सुमारास पलीकडच्या काठावर धूळ उठली.

“वावधान आलं. दगड उचला,” काका म्हणाले.

मी दोर ओढला. दगड येईना. खाली कुठल्या तरी बाभळीच्या बेचक्यात तो अडकला होता. तोवर वादळी वारा आमच्यावर आला. नाव वाऱ्याला आडवी झाली आणि दोरानं तिची माझ्याकडची कड खाली ओढायला सुरुवात केली. कड आणि पाणी यांच्यात चार बोटं उरली, मग दोन. पहिली लाट आत आली. मी गाठीला नखं लावली, पण ताणानं ती दगडासारखी झाली होती.

“चाकू?” काकांनी हात पुढे केला.

मी खिसे चाचपले आणि काठाकडे पाहिलं.

मला पोहता येतं. वर्गात मी मुलांना तरंगण्याचे नियम शिकवतो. पण त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं की इथून उठावं, कुठेही जावं. मी उभा राहिलो. नाव आणखी कलली.

“झोप खाली,” काका म्हणाले. ते आजवर माझ्याशी कधी एकेरीत बोलले नव्हते.

मी नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पालथा पडलो. कान पत्र्याला लागला होता आणि ताणलेल्या दोराची करकर त्यातून ऐकू येत होती. काका माझ्या अंगावरून रांगत पुढे गेले. त्यांनी तंगुसाचे तीन-चार पदर दोन्ही तळव्यांना गुंडाळले आणि तो त्या दोरावर करवतीसारखा ओढायला लागले. मला त्यांचे गुडघे तेवढे दिसत होते. ते थडथड कापत होते. दोर किती वेळानं तुटला मला सांगता येणार नाही. तुटला तेव्हा नाव उसळली आणि वाऱ्यानं आम्हाला काठाजवळच्या बेशरमच्या झुडपांत नेऊन टाकलं.

काकांचे दोन्ही तळवे चिरले होते. मी रुमाल बांधून दिला. वाटलं, आता शिव्या बसतील, आणि त्या मी मुकाट ऐकल्या असत्या. ते म्हणाले, “घरी सांगू नोका, मास्तर. वायंडिंगची तार लागली म्हनतो मी.” माझ्या गाठीबद्दल आणि चाकूबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही नाही.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले होते. मग मी मेसेजच टाकू लागलो आणि ते अंगठा पाठवू लागले. खरं सांगायचं तर मला बादलीत तांब्या बुडतानाचा आवाजही सहन होत नव्हता. त्यांच्या दुकानासमोरून जायचं टाळायला मी बाजारातून वळसा घालायचो. ज्या माणसानं मला वाचवलं त्याला दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. याची लाज वाटते, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. दुकानातच झटका आला. मी तेरवीनंतर त्यांच्या घरी गेलो. काकू बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिल्या.

“रविवार काई चुकवला नाई त्यायनं. पन नावेत नाई बसले. काठावरच बसून राहत. मी म्हनलं, दुसरा कोनी घेऊन जा ना जोडीले. त म्हने, मास्तर येतीन.”

काकू माझ्याकडे वळल्या.

“तुमाले टायफाईड झालता म्हनत. मोठा वाईट होता म्हने, डॉक्टरनं पान्यावरच्या हवेत जायची मनाई केली म्हने. कोनी विचारलं तुमचं, का मास्तर दिसत नाई आता, त सगळ्याईले हेच सांगत. आता बरे आहा ना?”

मला जन्मात कधी टायफाईड झालेला नाही.

“बरा आहे,” मी म्हणालो.

“मंग जाजा एखांद्या रविवारी. नाव तिथंच पालथी हाये.”

मी मान हलवली. मांडीवरचे माझे हात थरथरायला लागले होते. ते मी एकमेकांत धरले, तरी काकूंना दिसलेच.

“अशक्तपना गेला नाई अजून,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी दूध गरम करायला आत गेल्या.