छत्रीवाल्याला चार गुण

इमारतीत तिला सगळे कवळीवाल्या ताई म्हणायचे. ती कवळ्या विकायची नाही, करायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या बोळक्या तोंडांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार व्हायचा आणि त्या जबड्यावर मेणाची कड चढवून एकेक दात बसवायचं काम तिचं. दात फार सरळ रेषेत बसवले की म्हातारा माणूस दुकानातल्या बाहुलीसारखा दिसतो, म्हणून समोरचा एखादा दात ती किंचित तिरका ठेवायची. लग्नाआधीपासून ती हेच करत होती. हात चालायचे, डोकं मोकळं असायचं.

नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. गेल्या हिवाळ्यात एका इमारतीचा जिना चढताना छातीत कळ आली म्हणून तो पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. भेटायला आलेल्यांत कुणीतरी हळूच म्हणालं, "जन्मभर लिफ्टा नीट केल्या आणि गेला जिन्यात." तिनं ते ऐकलं. राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. धक्का बसलाय, येईल हळूहळू, असं लोक म्हणाले. महिने गेले, काही आलं नाही. सकाळी ती देवापुढे हात जोडायची. पूर्वी मागण्यांची रांग असायची, याचं हे होऊ दे, त्याचं ते होऊ दे. आता हात जोडून झाले की पुढे काय म्हणायचं तेच सुचायचं नाही. मग ती तशीच थोडा वेळ उभी राहायची आणि दूध उतू जायच्या आत स्वयंपाकघरात यायची. देवानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

घरी एकच माणूस नेमानं यायचं, ती म्हणजे नणंद. हिला सगळे बारकी म्हणत, अंगानं आता चांगली भरली होती तरी. जनावरांच्या दवाखान्यात ती कामाला होती. कधीही आली तरी तिच्या ओढणीला कुत्र्यामांजरांचे केस असायचेच. बारकी दर शनिवारी संध्याकाळी यायची ती अ‍ॅनिमे बघायला.

हे खूळ भावाबहिणीचं. लहानपणापासून दोघं ती जपानी चित्रमालिका डोळे फाडून बघत आली होती. लग्न होऊन आल्यावर वहिनीलाही मध्ये बसवलं गेलं. पहिल्याच दिवशी हिनं विचारलं होतं, "अहो, या सगळ्यांना दात का नाहीत? नुसती पांढरी पट्टी!" तेव्हा बारकी जमिनीवर लोळून हसली होती, आणि नवऱ्यानं मान डोलावून म्हटलं होतं, "बघ, हिला नजर आहे. हिला घ्यायचं." दुष्ट माणसाचे दात मात्र सुटे सुटे काढतात, हेही पुढे हिनंच शोधून काढलं.

त्या घरात एक नियम होता. भाग संपला की प्रत्येकानं मत द्यायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. "छान होतं" एवढंच म्हणून सुटका नाही. छान म्हणजे काय? काय छान? कुठे छान? जो नुसतं छान म्हणेल त्यानं भांडी घासायची. यावरून अशी भांडणं व्हायची की खालच्या मजल्यावरची बाई एकदा विचारायला आली होती, वाटणीवरून चाललंय की काय.

नवरा गेला तेव्हा एक मालिका अर्ध्यावर होती. एका भटक्यानं कुणा अनोळखी माणसाची छत्री उसनी घेतलेली असते, ती परत करायला तो लढाया चाललेल्या मुलखातून पायी निघतो. वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात, मारामाऱ्या होतात, पण गडी छत्री सोडत नाही. तिघं त्याला छत्रीवालाच म्हणायचे.

दिवस वगैरे झाल्यावर एका शनिवारी बारकी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, छत्रीवाला पुढे लावायचा का?"

"लाव."

लावला. भाग संपला.

"बोल. कसा होता?"

"छान होता."

बारकीनं वाट पाहिली. मग उठली आणि स्वतःच भांडी घासून टाकली. पुढच्या शनिवारीही "छान होता." त्याच्या पुढच्याही. चित्रं डोळ्यांसमोरून जायची, कुणीतरी ओरडायचं, कुणीतरी मरायचं, आणि ती कुणाचं तरी लग्न दुरून बघावं तशी बघायची. गुण विचारले तर सात म्हणायची. सात म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

शेवटी एका शनिवारी चपला पायात सरकवताना बारकी म्हणाली, "वहिनी, तुला नको असेल तर सरळ सांग गं. मी येत नाही. भिंतीशी बोलायचं तर माझ्या घरी आहेत चार."

"नाही नाही, ये की."

"ये की काय? मी पाहुणी आहे का?"

दार लागल्यावर ती तिथंच उभी राहिली. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट तिला कळली. नवरा होता म्हणून ही नणंद, आपण वहिनी. तो मधला दुवा गेला. आता ही छत्रीवाल्यासाठी येते, आणि उद्या हिनं येणं सोडलं तर या दाराची घंटा वाजवायला फक्त गॅसवाला उरेल.

पुढच्या शनिवारी भागात एक झुलता पूल होता. भाग संपल्यावर बारकीनं विचारलंसुद्धा नाही, रिमोट ठेवून ती पाणी प्यायला उठली. तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला.

"तो पूल बघितलास? दोर एकाच बाजूला बांधलाय. एवढी माणसं चढल्यावर तो टिकेल? चित्र काढणाऱ्यानं जन्मात कधी वजन उचललेलं नाही. दोन गुण कापा."

बारकी पेला हातात धरून वळली. हे दादाचं बोलणं होतं. दादा असाच बघायचा. नायक मरो नाहीतर जगो, त्याची नजर कप्पीवर, दोरावर, दरवाज्याच्या बिजागरीवर. आणि "कापा" तर अगदी त्याच्याच सुरात. बारकी आधी हसली, मग मटकन खाली बसून रडली, मग नाक पुसत म्हणाली, "आणि ती घोडी? घोडीला किती?"

"घोडीला एक वाढवा. जनावराची चूक नाही."

त्या दिवसापासून सोपं झालं. तिला डोकं लावावंच लागायचं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलेलं, तो काय म्हणाला असता ते तिला तोंडपाठ होतं. किल्ल्याचं दार उलट्या बाजूनं उघडतं, नावेचं वल्हं आखूड आहे, सेनापती बोलतो फार. बारकी आता वेळेआधी यायची. दादाला आवडायची ती खारी बिस्किटं आणायची. भाग संपला की उत्साहानं वळून विचारायची, "दादा किती देईल याला?" दिले असते नाही, देईल. आणि ही सांगायची, आठ. बारकी समाधानानं घरी जायची. वहिनीचे गुण किती, हे विचारायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

कामाच्या ठिकाणी प्लास्टरवाले काका तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. ठसे भरायचं काम त्यांचं. त्यामुळे भुवयांसकट कायम पांढरे. डबा खाताना ती पूर्वी त्यांना आदल्या शनिवारची गोष्ट सांगायची. त्यांनी आयुष्यात एक भाग बघितला नव्हता, पण छत्रीवाल्याचं सगळं त्यांना ठाऊक होतं.

एका सोमवारी ते म्हणाले, "काय म्हणतंय तुमचं कार्टून? बऱ्याच दिवसांत बातमी नाही."

"संपत आलंय. शेवटचाच भाग राहिला. चांगलं केलंय. त्या कोठाराच्या छपराला आधार नाही तेवढं सोडलं तर. पण गडी शब्दाचा पक्का."

काकांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. "कोण शब्दाचा पक्का?"

"छत्रीवाला."

"अहो, तुम्हीच का या? मागच्या वर्षी तुम्ही इथं बसून त्याला किती शिव्या घातल्यात! घर सोडून हिंडतोय मेला एका छत्रीपायी, मागे म्हातारी आई काय खाते हे कुणी दाखवत नाही, असं म्हणत होतात. माझा डबा गार झाला होता तुमचं ऐकता ऐकता."

"म्हणाले असेन."

"असेन काय? आणि छपराचा आधार तुम्हाला कधीपासून कळायला लागला?" काकांनी डबा बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "रागावू नका ताई. हे बोलणं तुमचं नाही. हे तुमच्या मालकांचं."

ती उठली. डबा झाकून टेबलाशी गेली, दिवा पेटवला, सुरी तापवून मेणात घातली. काका खोटं बोलत नव्हते. तिनं स्वतःचं मत शोधून पाहिलं. कपाटात ठेवलेली वस्तू शोधावी तसं. नव्हतं. मग तिला वाटलं, बारकी येते ती कुणाकडे येते? दादाकडे येते, आणि तो तर नाही. म्हणजे या घरात शनिवारी दोन बायका बसतात आणि भेटते कुणीच कुणाला नाही. खरं बोलावं तर बारकी जाईल. न बोलावं तर आपण गेल्यातच जमा. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला कळेना. संध्याकाळपर्यंत ती दात बसवत राहिली.

शेवटच्या भागाच्या दिवशी बारकी नवी ओढणी घालून आली. तिलाही केस लागलेलेच होते.

भाग सुरू झाला. छत्रीवाला अखेर त्या गावात पोचतो. कळतं की छत्रीचा मालक केव्हाच मेलाय. गावाबाहेर त्याच्या थडग्याचा दगड आहे. आभाळ फाटल्यासारखा पाऊस. छत्रीवाला छत्री उघडतो, त्या दगडावर येईल अशी मातीत नीट रोवतो, वाकून नमस्कार करतो आणि भिजत भिजत चालू लागतो. मागे बासरी वाजते. संपलं.

बारकी हुंदके देत होती. "दहा," ती म्हणाली. "दहापैकी दहा. दादानं अकरा दिले असते. हो की नाही? सांग ना वहिनी, दादा काय म्हणेल?"

तिला ठाऊक होतं. दादा म्हणेल, छत्रीची काडी इतक्या वाऱ्यात उलटी झाली असती, पण जाऊ दे, आज कापायचं नाही. शब्द ओठांवर तयार होते.

"त्यानं दिले असते दहा," ती म्हणाली. "माझे चार."

"काय?"

"चार. मेलेल्याला छत्री कशाला? दगड भिजला म्हणून काय होतंय? पाऊस याच्या डोक्यावर पडतोय. यानं ती उघडायची, डोक्यावर धरायची आणि आपल्या घरी जायचं. आई असेल घरी, नसेल, जाऊन बघायचं तरी. एवढी पायपीट केली आणि शेवटी भिजतच चाललाय. यात रडण्यासारखं काय आहे?"

बारकीचे डोळे कोरडे झाले. "तुला कळलंच नाही. त्यानं शब्द पाळला."

"कुणाला दिलेला? तो तर नाहीच आहे."

"म्हणून काय मोडायचा? वहिनी, असं कसं बोलवतं तुला? दगड आहेस का गं तू?"

"असेन. पण मला पहिल्यापासून आवडत नव्हता तो. तुझ्या दादाशी भांडायचे मी यावरून."

"मग इतके दिवस आठ आठ गुण देत होतीस ते?"

"ते माझे नव्हते. तुला हवे होते म्हणून त्याचे देत होते. तू यावीस म्हणून."

बारकी उभी राहिली. मग ओढणी सावरत म्हणाली, "चार म्हणे! चित्रं तरी बघायचीस. त्या पावसालाच चार देऊन होतात."

"पावसाला दोन देते. चारात धरलेत."

"पावसाला दोन?" बारकीचा आवाज चढला. "आभाळाचा रंग बघितलास? प्रत्येक थेंब वेगळा काढलाय!"

"थेंब वेगळे काढायला वेळ आहे, माणसाचे दात वेगळे काढायला नाही."

बारकी हसली नाही. चपला घातल्या, दार उघडलं, निघून गेली. जिन्यावरून तिची पावलं उतरताना ऐकू आली, मध्ये एकदा थांबली, परत उतरली. वहिनी दार लावून खोलीत आली. बिस्किटांची बशी उचलली. आपण घालवली हिला, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. काही हललं नाही. घसा तेवढा कोरडा पडला होता, कारण इतकं सलग ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. पाणी प्यायली. रात्री देवापुढे उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी खरं सांगितलं." पुढे तिला काही सुचलं नाही.

आठवडा गेला. शनिवारी संध्याकाळी तिनं चहाला दोन कप काढले, एक परत ठेवला. घंटा वाजली नाही.

सोमवारी दुपारी कामावर असताना फोनवर बारकीचा बोलून पाठवलेला निरोप आला, चांगला लांब. हात मेणात होते म्हणून तिनं काकांना चालू करायला सांगितलं. बारकी तावातावानं बोलत होती. मागे कुत्री भुंकत होती. शब्द म्हणजे काय, छत्री म्हणजे काय, छत्रीवाल्यानं ती स्वतः घेतली असती तर तो चोर झाला असता, आणि आई त्याची केव्हाच वारली होती, तिसऱ्या भागात दाखवलंय, तुझं लक्ष होतं कुठे? चार हा अन्याय आहे. मी पुन्हा पूर्ण बघितलं आणि नऊवर आले, एक गुण तुझ्यासाठी सोडला, कारण घरी जायला हवं होतं त्यानं, हे पटलं मला. पण नऊच्या खाली मी येणार नाही.

काका म्हणाले, "आई वारली होती होय? हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"मलाच माहीत नव्हतं."

तिनं हात पुसले. मग एका बोटानं लिहिलं, "पाचवर येते. बाकीचं इथे येऊन भांड."

उत्तर लगेच आलं. "शनिवारी नाही येत. शनिवार दादाचा होता. रविवारी येते. नवीन लावू काहीतरी. पण या वेळी तू निवडायचीस, मी नाही."

तिनं ते दोनदा वाचलं. आनंद झाला का, हे तिनं तपासून पाहिलं. नीट कळलं नाही. तिला कुठल्याच मालिकेचं नाव माहीत नव्हतं. नाव सांगायचे ते दोघं, ती नुसती येऊन बसायची.

"काका," ती म्हणाली, "ती कार्टूनं निवडतात कशी हो?"

"मला काय विचारता? मी प्लास्टरवाला." काकांनी भुवया झटकल्या. "पहिला भाग लावून बघा. नाही आवडला, बंद करा."

"बघते," ती म्हणाली, आणि सुरी पुन्हा तापवायला धरली.