चितळ की शेळी?

मंडळी, आज सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय.

हूटगळ्ळीला आमच्या लॅबच्या गेटवर एक बाई थांबली होती, एच. डी. कोटेहून आलेली. तिच्या घरी वनखात्याला मांस सापडलं होतं. त्यांना संशय चितळाचा. नवरा कोठडीत. "अम्मा, अदु नम्म मेके," ती मला म्हणाली. आमच्याच शेळीचं आहे म्हणून.

खरं तर आम्ही असं कुणाशी बोलायचं नसतं. नमुन्यावर नुसता नंबर असतो, तो याचसाठी. मी मात्र थांबून सगळं ऐकलं. तपासायला आलेल्यांत चितळाच्या संशयाचा एकच नमुना होता, म्हणजे तो तिच्याच घरचा.

मांसातली प्रथिनं जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, सोडून वीज दिली की ती आपापल्या वेगाने सरकतात. रंग दिल्यावर निळ्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक प्राण्याच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी. म्हणून एका बाजूला शेळी, दुसरीकडे चितळ आणि मधे हा नमुना.

दुपारी पट्ट्या उमटल्या. चितळाशी तंतोतंत जुळल्या.

"पुन्हा लावू या," मी म्हटलं.

"याके मॅडम? क्लिअर इदेयल्ला!" माझी सहकारी सुमा चकित झाली. इतकं स्पष्ट दिसत असताना पुन्हा कशाला?

तरी मी लावलंच. संध्याकाळी पुन्हा चितळच.

घरी येताना हिनकलच्या सिग्नलला उभी होते, तेव्हा लक्षात आलं. पहिल्याच जेलमध्ये शेळी आली असती, तर मी आनंदाने सही करून मोकळी झाले असते.

खरं सांगा, मनासारखं आलेलं उत्तर तुम्ही कधी पुन्हा तपासून बघता का?