डबलभाऊंनी न उघडलेली ठेव

डबलभाऊंच्या शर्टाच्या खिशाला नेहमी दोन पेनं असायची आणि दोन्ही निळी. एक निळं आणि एक लाल ठेवणारे पुष्कळ पाहिलेत, पण दोन्ही निळी ठेवणारा माणूस अख्ख्या दिंद्रुडात हा एकच. फोटो स्टुडिओच्या किल्ल्यांचा एक जुडगा करदोड्याला, दुसरा घरी देवघराच्या कोनाड्यात. चष्मे दोन. लग्नाला निघाले की कॅमेरे दोन, आणि मोटारसायकलच्या डिकीत चपलांचा एक जास्तीचा जोडसुद्धा. समोरचा चहावाला त्यांना छेडायचा, "भाऊ, तुमचं समदं दोन दोन हाय, मग बायकू तेवढी एकच कावून केली?" भाऊ शांतपणे घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "तिची नक्कल निघत न्हाई."

त्यांच्या स्टुडिओला लागून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मधे पत्र्याची एक भिंत, त्यामुळे त्यांच्या दुकानातलं शिंकणंही मला ऐकू यायचं. हे दुपटीचं वेड कुठून आलं ते त्यांनीच सांगितलं होतं. धंद्यात नवे असताना एका लग्नात कॅमेऱ्यातलं कार्डच बिघडलं आणि मुलीच्या पाठवणीपर्यंतचं सगळं गेलं. मुलीचा बाप काही बोलला नाही, नुसता जेवायचा आग्रह करत राहिला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, ताई," भाऊ म्हणायचे. "तवापासून ठरवलं. यंत्र मोडणारच हाय. कवा मोडंल तेवढंच आपल्याला ठाऊक न्हाई."

बॅकअप हा शब्द आमच्याकडे त्यांनी आणला. ते 'ब्याकप' म्हणायचे आणि कुणी विचारो न विचारो, समजावून सांगायचे. कॉम्प्युटरमध्ये जे आहे त्याची रोज संध्याकाळी एका हार्ड डिस्कवर नक्कल व्हायची. पहिल्या दिवशी सगळी, मग रोज नवी भर पडेल तेवढीच. कणगी एकदा भरली की पुढे वरची भर घालायची, असं ते बायकांना सांगत आणि बायकांना ते लगेच कळे. नक्कल झाली की डिस्क फडक्यात गुंडाळून ते घरी न्यायचे. दुकानात कुलूपबंद कपाट होतं, तरी न्यायचे. "एका छताखाली दोन ठेवले म्हंजे एकच ठेवलं. आग लागली तर दोन्हीला लागती."

कुणाच्या हातून काही पुसलं गेलं तर तो माणूस धावत भाऊंकडेच यायचा. एकदा गल्लीतल्या एका तरुणाने बहिणीच्या साखरपुड्याचे सगळे फोटो उडवले आणि रडवेला होऊन आला. भाऊंनी आधी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "हात लावू नको. नवा फोटो काढू नको, काईच करू नको. पुसलं म्हंजे गेलं असं न्हाई. त्या जागेवर दुसरं लिव्हलं की मग गेलं." दोन दिवस खटपट करून त्यांनी बहुतेक फोटो परत आणले. त्या पोराची आई पुरणपोळ्या घेऊन आली आणि भाऊंचं नाव पार धारूरपर्यंत गेलं.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. कोयते, कुटुंबं, बैलं सगळी ऊसतोडीला साखर कारखान्याकडे. निघण्याआधी लोक घरातली पेटी, तांब्या-पितळेची भांडी धडप्यात बांधतात आणि मागे राहणाऱ्या एखाद्या घरात ठेवतात. ती ठेव. ज्याच्याकडे ठेवली त्याने गाठ सोडायची नाही. सहा महिन्यांनी गाठ जशी बांधली तशी परत द्यायची, ही अब्रू. भाऊंनी याच रिवाजाला आपलं काम जोडलं. लोकांचे फोन फोटो-व्हिडिओंनी गच्च भरलेले असायचे. भाऊ ते सगळं कॉम्प्युटरवर काढून घ्यायचे, प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करायचे आणि फोन हलका करून द्यायचे. तिकडे फडात फोन पाण्यात पडो, पाचटात हरवो, इकडे ठेव राहील. माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या बायकांना मीच सांगायचे, शेजारी जा, भाऊंकडे ठेवून जा, काळजी करू नका.

त्या फोल्डरमध्ये काय आहे हे भाऊंनी कधीच पाहिलं नाही. नक्कल झाली की बाहेरून नावं बघायचे, सगळी आहेत याची खात्री करायचे आणि बंद. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एखादं उघडून तर बघा, नीट आलंय का." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. "ताई, दुसऱ्याची ठेव हाय. लेकीबाळींचे फोटू असत्यात, नवरा-बायकूचं बोलणं असतंय. गाठ सोडून बघणारा माणूस न्हाई मी." खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. चार जणींना मी ते कौतुकाने सांगितलंही.

त्या वर्षी ठेव ठेवायला आलेल्यांत कालिंदा होती. वस्तीवरची, नवरा बंकट आणि बैलजोडी घेऊन दरसाल जाणारी. बंकट म्हणजे तोंडात बोट घातलं तरी न बोलणारा गडी. ती हसत सांगत होती, "आमचं येडं माणसाशी बोलत न्हाई, बैलाशी बोलतंय. दिवाळीच्या पाडव्याला गोठ्यात लई येळ बोलत व्हतं. म्या कुडाआडून हळूच व्हिडिओ काढलाय. घुंगरांच्या आवाजात मला काई ऐकू आलं न्हाई. निवांत ऐकीन कवातरी." भाऊंनी फोन घेतला, नक्कल केली, फोन हलका करून तिच्या हातात दिला.

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. कॉम्प्युटरमध्ये जागा उरेना. माजलगावच्या एका ओळखीच्या माणसाने भाऊंना सफाईचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं, मोठमोठ्या फाइली शोधून काढून टाकणारं. भाऊंनी विचार केला, ठेवीची नक्कल घरच्या डिस्कवर आहेच, इथली काढली तरी चालेल. काढली. फोल्डर राहिले, नावं राहिली, आतलं गेलं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे डिस्क जोडली. आता त्यांचं बॅकअपचं सॉफ्टवेअर 'मिरर'वर लावलेलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता. "आरसा हाय, हुबेहूब ठेवतंय," म्हणायचे. त्या आरशाने आपलं काम केलं. इथे जे नाही ते तिथूनही काढून टाकलं. भाऊंनी नावं पाहिली, सगळी जागच्या जागी होती. डिस्क फडक्यात गुंडाळून ते घरी गेले आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुढे लग्नामागून लग्नं भरत गेले.

संक्रांतीनंतर एका दुपारी कालिंदाचा फोन आला. भिंतीपलीकडून मला भाऊंचा आवाज ऐकू येत होता. मागाहून त्यांनी सांगितलं, बंकट फडात मोळी उचलताना छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. तिकडेच सगळं उरकलं. ती भाऊंना एवढंच विचारत होती की तो गोठ्यातला व्हिडिओ आहे ना. भाऊ म्हणाले, "हाय बाई, हाय. सुखरूप हाय. तू काळजी करू नको." ती म्हणाली असावी की आल्यावर न्यायला येते, कारण भाऊ म्हणाले, "ये. मी जपून ठेवतो."

तिला लगेच पाठवून द्यावा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच गाठ सोडली. थोड्या वेळाने हाक आली, "ताई, जरा इकडं या." मी गेले. कालिंदाचं फोल्डर उघडं होतं आणि आत काही नव्हतं. त्यांनी दुसरं उघडलं. तिसरं. मग घरून डिस्क आणली आणि एकेक नाव उघडत बसले. प्रत्येक नाव वाचून दाखवत होते, जणू मी हजेरी घेत होते. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "मीच पुसलं. चोरानं न्हाई, यंत्रानं न्हाई. मीच."

संभाजीनगरला गेलेला डेटा परत काढून देणारा एक इंजिनियर आहे, त्याच्याकडे भाऊ कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही घेऊन गेले. भाऊ इतरांना जे सांगायचे तेच त्याने भाऊंना सांगितलं. पुसल्यावर लगेच थांबला असता तर सापडलं असतं, पण त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलं. परत आले ते एक पेनड्राइव्ह घेऊन. त्यात होते अर्धे चेहरे, खाली करडे पट्टे, आणि कुणाच्या तरी वरातीतला बँड. कालिंदाच्या फोनमध्ये काही उरलं असेल का, हेही त्यांनी विचारलं होतं. तो तर ती रोज वापरत होती.

पुढचे दोन-अडीच महिने मला आठवले तरी मान खाली जाते. भाऊ चहाला येईनासे झाले. दुकानाकडे मागच्या बोळातून यायचे. 'ब्याकप मिळेल' ही पाटी त्यांनी काढली आणि तिची खूण भिंतीवर तशीच राहिली. तिकडे कारखान्यावर माणसं निर्धास्त होती आणि इकडे आम्हाला ठाऊक होतं. कुणाही बाईचा तिकडून फोन आला की मी घाईघाईने ठेवून द्यायचे, कारण तिला शेजारी पाठवणारी मीच. चहावाल्याने, त्यांच्या थोरल्या भावाने, सगळ्यांनी सुचवलं: वीज पडली म्हणा, डिस्क जळाली म्हणा, कोण बघायला येतंय. भाऊ ऐकून घ्यायचे. कालिंदाला फोन करून सांगा, असंही मी म्हटलं. ते म्हणाले, "तिकडं एकली हाय ती. तिथं नको. पण मी 'हाय' म्हनलोय ताई, ते रोज ऐकू येतंय मला."

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीहून परतणारे ट्रक यायला लागले. फाट्यावर थांबतात, तिथून माणसं आपापल्या वस्तीची वाट धरतात. भाऊ रोज सकाळी जाऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी मीही गेले, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रकमधून उतरणारी माणसं, अंगावर प्रवासाची धूळ, डोक्यावर गठुडी, आणि हा माणूस हात जोडून प्रत्येकापुढे. "तुमची ठेव माझ्या हातून गेली. मीच पुसली. परत येत न्हाई." काहींना कळायलाच वेळ लागला. एक जण म्हणाला, "मरू द्या भाऊ, फोटूच तर व्हते." एका म्हातारीने उलट त्यांनाच पाणी विचारलं. एकाने मात्र सगळ्यांदेखत त्यांची आई-बहीण काढली, आणि मला वाटलं, बरं झालं, निदान एकाने तरी. भाऊंनी मान वर केली नाही. लोक आमच्याकडे वळून वळून पाहत होते, आणि मी त्यांच्यापासून दोन पावलं बाजूला सरकून उभी होते.

कालिंदा शेवटच्या ट्रकने आली. एकच बैल होता, दुसरा तिकडेच विकलेला. भाऊंनी तिला सांगितलं तेव्हा ती गठुडं खाली ठेवत होती, ते तसंच ठेवत राहिली. मग सरळ उभी राहिली. रडेल, ओरडेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. यंत्राचं काय खरं हाय. तुमी बघितला आसंल की तो. बैलाला काय सांगत व्हते, तेवढं सांगा."

भाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "म्या उघडला न्हाई बाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

"कावून?"

"दुसऱ्याचं हाय म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपण फार लांबून आलो आणि घर भलतीकडेच होतं, असं काहीसं त्या नजरेत होतं. "बघायचा व्हता भाऊ," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकायला पायजे व्हतं." तिने गठुडं डोक्यावर घेतलं, बैलाचं दावं धरलं आणि वस्तीच्या वाटेला लागली.

त्या उन्हाळ्यातच भाऊंनी स्टुडिओ बंद केला. मुलगा लातूरला असतो, तो घेऊन गेला. जायच्या दिवशी माझ्या दुकानापाशी आले, पण आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "येतो ताई," आणि माझ्याकडे न बघता गेले. अजून गावात आलेले नाहीत. लग्नकार्याला आहेर पाठवतात.

आता दिवाळीनंतर बाया फोन घेऊन माझ्याकडे येतात. फोन हलका मी करून देत नाही, नुसती नक्कल करून ठेवते. नक्कल झाली की त्यांना शेजारी बसवते आणि एकेक उघडून दाखवते, आवाजासकट. कुणी पदर तोंडाशी नेतं, कुणी म्हणतं, "राहू द्या की ताई, काय बघताव." कुणाचा नवरा व्हिडिओत काहीबाही बोललेला असतो, कुणाची सून रडत असते. परक्या घरातलं ते सगळं बघताना मला लाज वाटते. तरी मी शेवटपर्यंत ऐकते, आणि नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा लावते.